कीटकांच्या मॅक्रो छायाचित्रणासाठी फ्लॅशचा प्रकाश सौम्य कसा करावा

दोन सेंटिमीटर लांबीचा नाकतोडा फ्रेमभर घ्यायचा असेल, तर एपीएस-सी सेन्सरच्या (सुमारे २४ मिमी रुंदीच्या) कॅमेऱ्यावर आपल्याला १:१ विशालनाच्या, म्हणजे सेन्सरवर कीटकाची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडण्याच्या, जवळ जावे लागते आणि तिथे पोहोचताच प्रकाशाचा सगळा हिशेब बदलतो. या विशालनाला एफ/११ ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ठेवूनही स्पष्ट येणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. त्यामुळे ॲपर्चर उघडून जास्त प्रकाश घेण्याची सोय उरत नाही. शिवाय लेन्स १:१ पर्यंत नेल्यावर सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप घटणे म्हणजे प्रकाश निम्मा होणे) आणि एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ सारखे वागते. (निकॉनच्या कॅमेऱ्यांवर त्यांचीच मॅक्रो लेन्स लावली, तर पडद्यावर हा बदललेला आकडाच दिसतो, लेन्स बिघडली आहे असे समजू नये.) पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी मुंबईतल्या आरेच्या झाडांखाली या आकड्यांनिशी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० ठेवला, तरी शटर सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागापर्यंत खाली येतो. वाऱ्यावर हलणाऱ्या पानावरचा जिवंत कीटक एवढ्या संथ शटरवर हातात कॅमेरा धरून टिपता येत नाही. म्हणून फ्लॅश लागतो.

मात्र उघडा फ्लॅश कीटकावर टाकला की दुसरी अडचण उभी राहते. भुंगेरे, ढेकूण, मुंग्या, गांधीलमाश्या यांचे कवच गुळगुळीत आणि चमकदार असते. अशा पृष्ठभागावर प्रकाशस्रोताचे प्रतिबिंब जसेच्या तसे उमटते, आणि स्रोत लहान असेल तर ते प्रतिबिंब म्हणजे एक जळालेला पांढरा ठिपका असतो. त्या ठिपक्यातला रंग आणि पोत कायमचा जातो, नंतर संगणकावर काही केले तरी परत येत नाही. ठिपक्याच्या बाहेर लगेच काळोखी सावली सुरू होते. छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या स्पष्ट असते, पण त्यावरून कीटकाचा खरा रंग कोणता, हे सांगता येत नाही. ओळख पटवण्यासाठी छायाचित्र काढणाऱ्यांचे तर यात थेट नुकसान आहे.

प्रकाश सौम्य कशाने होतो

पांढरा कागद फ्लॅशच्या तोंडावर चिकटवला की प्रकाश सौम्य होतो, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो बाजारात मिळणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या टोप्यांनी पक्का केला आहे. कागदामुळे प्रकाश मंद होतो एवढेच; सौम्य होतो तो स्रोत मोठा झाल्यावर. आणि मोठा म्हणजे आपल्या नजरेतून नव्हे, कीटकाच्या जागेवरून पाहिल्यावर तो आकाशाचा किती भाग व्यापतो, यावरून. हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) लावलेल्या फ्लॅशचे तोंड साधारण सात सेंटिमीटर रुंद असते. ते कीटकापासून तीस सेंटिमीटरवर असेल, तर कीटकाला ते तेरा-एक अंशांत सामावलेले दिसते. त्याच फ्लॅशपुढे वीस सेंटिमीटर रुंदीचा डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा दुधी पडदा) कीटकापासून आठ सेंटिमीटरवर आणला, तर तो शंभर अंशांहून अधिक जागा व्यापतो. ऑगस्टमधल्या ढगांनी भरलेल्या दिवशी मुंबईत कोणाचीच सावली नीट पडत नाही, तसेच काहीसे आपल्याला त्या दहा-वीस सेंटिमीटरच्या जागेत घडवून आणायचे आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. डिफ्यूजर जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, आणि त्याचा सगळा पृष्ठभाग सारख्या तेजाने उजळायला हवा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. वीस सेंटिमीटरचा डिफ्यूजर लावला, पण प्रत्यक्षात त्याच्या मधला पाच सेंटिमीटरचा पट्टाच उजळत असेल, तर कीटकासाठी आपला प्रकाशस्रोत पाच सेंटिमीटरचाच असतो. म्हणूनच चांगल्या डिफ्यूजरमध्ये दोन थर असतात. पहिला थर फ्लॅशच्या तोंडाजवळ राहून प्रकाशझोत पसरवतो, आणि दुसरा, मोठा थर कीटकाजवळ राहून प्रत्यक्ष स्रोताचे काम करतो. या दोन थरांमधले अंतर हेच डिफ्यूजरचे मर्म आहे. दोन्ही थर एकमेकांना चिकटवले की फक्त प्रकाश वाया जातो.

साहित्य

यासाठी महागडे काही लागत नाही. घरात आलेल्या एखाद्या पार्सलमधला पांढरा, लवचिक पॅकिंग फोम पहिल्या थरासाठी उत्तम असतो. दुसऱ्या थरासाठी दुधी पारदर्शक प्लास्टिकची फाइल किंवा जाड ट्रेसिंग पेपर घ्यावा. माझा कौल प्लास्टिकला आहे, कारण जून ते सप्टेंबर या काळातल्या मुंबईच्या दमट हवेत ट्रेसिंग पेपर फुगतो, त्याला लाटा येतात, आणि एक सर आली की तो संपतोच. बटर पेपर हाताशी असतो म्हणून अनेक जण वापरतात, पण त्याच्या पिवळसर छटेकडे लक्ष ठेवावे लागते. याशिवाय काळा कार्डशीट, स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल, वेल्क्रोच्या पट्ट्या, रुंद रबर बँड आणि कापडी चिकटपट्टी एवढे पुरे. स्टेशनरी आणि पॅकिंगचे सामान क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर एका फेरीत मिळते. फ्लॅश, ट्रिगर, ब्रॅकेट असे काही पाहायचे असेल तर तिथून फोर्टमधला बोरा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फ्लॅश कोणताही चालतो, मात्र त्यावर मॅन्युअल नियंत्रण असावे. गोडॉक्सचा टीटी३५० सारखा छोटा फ्लॅश वजनाला हलका असल्यामुळे तासन्‌तास हातात धरणे सोपे जाते. मोठा फ्लॅश जड पडतो, पण त्याच प्रकाशासाठी त्याला कमी क्षमतेवर काम करावे लागते आणि तो लवकर पुन्हा तयार होतो. लेन्सच्या बाबतीत ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स सोयीची ठरते. खरी मॅक्रो लेन्स नसेल तर टेलिझूमच्या पुढे रेनॉक्सची डीसीआर-२५० ही आठ डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स अडकवूनही उत्तम काम होते, आणि सुरुवात करणाऱ्याने आधी हीच वाट धरावी असे मला वाटते.

डिफ्यूजर बांधणे

आधी मोजमाप. लेन्स १:१ वर ठेवून एखादे नाणे फोकसमध्ये आणावे आणि लेन्सच्या पुढच्या कडेपासून नाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. १०० मिमीच्या बऱ्याच लेन्सना हे अंतर तेरा ते पंधरा सेंटिमीटर येते. डिफ्यूजरची पुढची कड लेन्सच्या पुढे किती काढायची, हे या आकड्यावरून ठरते: साधारण निम्म्या अंतरापर्यंत ती यावी. त्याहून पुढे आणली तर प्रकाश आणखी छान होतो हे खरे, पण ती गवताच्या काड्यांना अडकते आणि कीटक उडून जातो.

मग जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापून तो फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या पुढच्या कडेपर्यंत धरून पाहावा. आपल्याला फ्लॅशकडे निमुळते आणि कीटकाकडे रुंद होत जाणारे, खालून उघडे असे छप्पर हवे आहे. नमुना जमला की तो काळ्या कार्डशीटवर उतरवावा, आतल्या बाजूस फॉइल थोडे चुरगळून आणि पुन्हा सरळ करून चिकटवावे. चुरगळलेले फॉइल प्रकाश अनेक दिशांना उडवते, तर गुळगुळीत फॉइलमुळे डिफ्यूजरवर चट्टे उठतात. बाहेरची बाजू काळीच ठेवावी, म्हणजे कीटकाला डोक्यावर काही पांढरे, मोठे हलताना दिसत नाही.

फ्लॅशच्या तोंडावर पॅकिंग फोमची दुहेरी घडी रबर बँडने बसवावी. फ्लॅशमध्ये बाहेर ओढण्याची वाइड पट्टी असेल तर ती आधी ओढून घ्यावी आणि झूम सर्वांत रुंद कोनावर ठेवावा. त्यानंतर दुधी प्लास्टिकचा मोठा तुकडा छपराच्या पुढच्या तोंडाला, कीटकाच्या बाजूने अंतर्वक्र राहील असा वाकवून लावावा आणि लेन्ससाठी खालच्या कडेला अर्धवर्तुळाकार खाच कापावी. या अंतर्वक्र आकारामुळे प्रकाश फक्त वरून न येता दोन्ही बाजूंनीही येतो. फ्लॅशचे डोके थोडे खाली झुकत असेल तर झुकवावे. नसेल तर छपराचाच उतार वाढवावा, नाहीतर अर्धा प्रकाश कीटकाच्या डोक्यावरून पुढे निघून जातो. वेल्क्रोने जोडलेला डिफ्यूजर घडी करून बॅगेत ठेवता येतो, आणि लोकलच्या गर्दीतून नेताना त्याचे महत्त्व कळते.

बाजारात मिळणारा रिंग फ्लॅश मी कीटकांसाठी सुचवणार नाही. तो लेन्सच्या भोवतीने, समोरून प्रकाश टाकतो, त्यामुळे शरीराची गोलाई सपाट होते आणि डोळ्यांत पांढरी कडी उमटतात. दोन डोक्यांचा ट्विन फ्लॅश चांगला असतो, पण त्याच्या प्रत्येक डोक्याला स्वतंत्र डिफ्यूजर लावावा लागतो.

काळ्या मण्याची चाचणी

डिफ्यूजर तयार झाल्यावर थेट रानात जाऊ नये. मंगळसूत्रात ओवतात तसा एक चकचकीत काळा मणी घ्यावा, तो पानावर ठेवावा आणि १:१ वर त्याचे छायाचित्र काढावे. मण्याच्या गोल काळ्या पृष्ठभागावर आपल्या संपूर्ण प्रकाशयोजनेचे प्रतिबिंब उमटते आणि पडद्यावर ते मोठे करून पाहिले की डिफ्यूजरबद्दल जे काही जाणून घ्यायचे ते सगळे तिथे दिसते. मधोमध लख्ख पांढरा डाग आणि कडांकडे राखाडी होत गेलेला भाग दिसला, तर पहिला थर पुरेसा पसरत नाही. फोमची आणखी एक घडी घालावी किंवा दोन थरांमधले अंतर वाढवावे. प्रतिबिंबाची कड एका बाजूला तुटलेली दिसली, तर फ्लॅश मध्यभागी बसलेला नाही. प्रतिबिंब मण्याच्या अगदी वरच्या टोकालाच बारीक पट्टीसारखे दिसले, तर डिफ्यूजर मागे राहिला आहे, तो पुढे आणि खाली आणायला हवा. मण्याचा वरचा जवळजवळ निम्मा भाग एकसारख्या, मऊ उजेडाने व्यापला आणि त्याच्या कडा हळूहळू विरत गेल्या, की काम झाले असे समजावे. गांधीलमाशीच्या डोळ्यात आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर पुढे हाच आकार दिसणार आहे.

ही चाचणी घेताना एक्स्पोजर मुद्दाम दोन स्टॉप कमी ठेवावे. नेहमीच्या एक्स्पोजरला सगळेच प्रतिबिंब पांढरे दिसते आणि त्यातला असमानपणा लपतो.

कॅमेऱ्याचे आकडे

कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवावा. शटर फ्लॅशच्या सिंक मर्यादेत (फ्लॅश उडताना सगळा सेन्सर उघडा राहील इतक्या वेगापर्यंत), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांवर १/१६० ते १/२५० सेकंद. त्याहून वेगवान ठेवल्यास चित्रात काळा पट्टा येतो. ॲपर्चर १:१ ला एफ/११, आणि विशालन २:१ पर्यंत गेले तर एफ/८ किंवा त्याहूनही उघडे, कारण एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडू लागते आणि खोलीत जे कमावले ते तपशिलात जाते. आयएसओ २०० ते ४००. फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ क्षमतेपासून सुरू करून एक-दोन चाचण्यांत वर-खाली करावा.

क्षमता शक्यतो १/८ च्या वर जाऊ देऊ नये, आणि याचे कारण फक्त बॅटरी वाचवणे हे नाही. हॉटशूवरचे फ्लॅश प्रकाश मधेच तोडून कमी करतात, त्यामुळे क्षमता जितकी कमी तितका लखलखाट अल्पकाळ टिकतो. पूर्ण क्षमतेवर तो सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका असतो, तर १/१६ वर बऱ्याच फ्लॅशमध्ये पाच हजाराव्या भागाहूनही कमी. चित्रातली हालचाल थांबते ती या अल्पकाळामुळे. शटर १/२०० असूनही मुंगीचे पाय स्पष्ट येतात ते म्हणूनच. याच कारणासाठी हाय-स्पीड सिंक टाळावा, कारण त्यात फ्लॅश एकच झटका न देता लागोपाठ लखलखत राहतो आणि हालचाल गोठवण्याचा गुण निघून जातो.

भर उन्हात हा हिशेब बिघडतो. आयएसओ २००, एफ/११ आणि १/२०० वर, मॅक्रोतली दोन स्टॉपची घट धरूनही, थेट ऊन योग्य एक्स्पोजरच्या फक्त एकच स्टॉप खाली राहते. म्हणजे उन्हाची कडक सावली चित्रात येतेच आणि हललेल्या पायांभोवती धूसर छायाही उमटते. अशा वेळी आपल्या शरीराची किंवा डिफ्यूजरच्या छपराची सावली कीटकावर पडेल असे उभे राहावे आणि सगळा प्रकाश फ्लॅशचाच राहू द्यावा.

टीटीएल (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून कॅमेऱ्याने फ्लॅशची क्षमता आपोआप ठरवणे) वापरायचे की मॅन्युअल, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अंतर सतत बदलत असेल, तर टीटीएल सोयीचे आहे. पण तगरीच्या पांढऱ्या फुलावरचा कीटक त्यात काळवंडतो आणि काळा भुंगेरा राखाडी येतो, त्यामुळे फ्लॅश कॉम्पेन्सेशन (ठरलेला फ्लॅश कमी-जास्त करण्याची सोय) बोटाशी असावे लागते. मॅक्रोत विशालन ठरवले की अंतरही ठरून जाते, म्हणून मॅन्युअल अधिक विश्वासाचे वाटते.

प्रत्यक्ष कीटकासमोर

कुठे जावे, याची मुंबईत वाण नाही. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान (सोमवारी बंद असते), गोरेगावला फिल्म सिटीजवळचे बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) संवर्धन शिक्षण केंद्र, आरेच्या कडेकडेचे रान, आणि एकेकाळी कचराभूमी असलेल्या जागेवर मिठी नदीकाठी उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही नावे सर्वांना माहीत आहेत. कॅमेऱ्याचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्यावेत आणि बिबट्यांचा वावर असलेल्या भागातून अंधार पडण्याआधी परत फिरावे. तरीही सराव घराजवळच करावा. सोसायटीच्या भिंतीलगतच्या घाणेरीवर किंवा रस्त्याकडेच्या रुईवर वर्षभर काही ना काही असते. रुईवरचा पिवळा मावा आणि त्यावर जगणारे लेडीबर्ड भुंगेरे हे शिकण्यासाठी उत्तम विषय आहेत.

फोकस हाताने ठरवून ठेवावा आणि स्वतः पुढे-मागे होत कीटकाचा डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबावे. शक्य असेल तिथे डाव्या हाताने कीटकापासून लांबवर ती काडी हलकेच धरावी आणि लेन्स त्याच हाताच्या मनगटावर टेकवावी, म्हणजे काडी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. झाड कोणते आहे हे मात्र आधी पाहावे. आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या विणकर मुंग्यांच्या फांदीला हात लावला, तर त्या क्षणात हातावर चढतात आणि चावून फॉर्मिक आम्लही सोडतात. याच मुंग्यांचे तांबूस, किंचित पारदर्शक शरीर सौम्य प्रकाशात फार सुंदर येते, म्हणून फांदीला न टेकता थोडे लांबून प्रयत्न करावा.

सर्वांवर एकच प्रकाश चालत नाही. जेवेल बग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या-निळ्या ढेकणांचा रंग पृष्ठभागाच्या सूक्ष्म रचनेतून येतो आणि प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असतो. उघड्या फ्लॅशमध्ये त्यांच्या पाठीवर एक पांढरा ठिपका आणि बाकी काळोख येतो, तर मोठ्या डिफ्यूजरखाली तोच रंग पाठभर पसरलेला दिसतो. अशा विषयांसाठी डिफ्यूजर जितका जवळ आणि जितका रुंद, तितके चांगले. याउलट केसाळ सुरवंट किंवा मृगाच्या सरींबरोबर जमिनीवर दिसणारा मखमली मृगाचा किडा (हा आठ पायांचा, म्हणजे कीटक नसून कोळ्यांच्या नात्यातला) मुळातच चमकत नाही. त्याच्यावर चहूबाजूंनी प्रकाश टाकला की लव सपाट होते. अशा वेळी डिफ्यूजर एका बाजूला सरकवून प्रकाश तिरपा घ्यावा, म्हणजे एकेक केस उठून दिसतो.

वरून येणाऱ्या प्रकाशात पोटाखालचा भाग काळा राहतो. कीटक पानावर असेल, तर पानच थोडा उजेड वर फेकते, पण त्याबरोबर हिरवी छटाही येते. काडीवरच्या कीटकाखाली एक साधे पांढरे व्हिजिटिंग कार्ड धरले, तरी पाय आणि पोट उजळते. पार्श्वभूमी पूर्ण काळी येणे हाही फ्लॅशच्या अंतराचाच परिणाम आहे: कीटकापासून आठ सेंटिमीटरवरचा प्रकाश अर्ध्या मीटरवरच्या झुडपापर्यंत पोहोचेस्तोवर संपलेला असतो. रात्रीच्या पतंगाला काळी पार्श्वभूमी शोभते, दुपारच्या चतुराला नाही. त्यासाठी मागे चार-पाच सेंटिमीटरवर एखादे पान येईल असा कोन निवडावा, किंवा सावलीत आयएसओ ८०० आणि शटर १/६० पर्यंत आणून मागचा नैसर्गिक उजेड थोडा येऊ द्यावा.

कीटकाला फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणे किंवा टाचणीने अडकवून ठेवणे, हे करू नये. सकाळी लवकर गेले, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, की थंडाव्याने कीटक आपणहून स्थिर असतात. काजव्यांवर मात्र फ्लॅश अजिबात टाकू नये, कारण त्यांचे जोडीदार शोधणे प्रकाशाच्या संकेतांवर चालते.

रंग आणि पावसाळा

फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्व्हिनचा असला, तरी फोम आणि प्लास्टिकमधून गेल्यावर तो बदलतो. डिफ्यूजर लावूनच करड्या कार्डाचे एक छायाचित्र घ्यावे, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि चित्रे रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढावीत. पांढरे प्लास्टिक कालांतराने पिवळे पडते, त्यामुळे हे काम दर मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा करावे.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला, तर मुंबईच्या दमट हवेत लेन्सवर आणि फ्लॅशच्या काचेवर वाफ धरते. अर्धा तास कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्यावा. घरी आल्यावर फ्लॅशमधल्या बॅटऱ्या काढाव्यात, डिफ्यूजर फडक्याने पुसून उघडा वाळवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवावा, कारण ओल्या फोमबरोबर बंद झालेल्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी लागू शकते. बॅगेतली सिलिका जेलची पाकिटे रंग बदलल्यावर मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वापरता येतात.